रोहिणी, तुला अहेव म्हणतात

एखादी बाई नवऱ्याच्या आधी गेली की तिला भाग्यवान म्हणतात. तुम्हीही म्हणाला असाल. म्हणताना कधी स्वतःला विचारलंत का, की यात भाग्य नेमकं कुणाचं?

रोहिणी, हा प्रश्न वाचणाऱ्यांना आहे, तुला नाही. तुमच्या धायरीच्या घरासमोर त्या दिवशी एवढ्या बायका जमल्या होत्या आणि एकीनंही तो विचारला नाही, म्हणून आधी तो लिहून टाकला. आता तुझ्याशी बोलते.

तुझी पेटी आली तेव्हा ऊन चढलं होतं. इंग्लंडमधल्या त्या लहानशा गावात सकाळी कामाला निघालेली तू एका व्हॅनखाली आलीस, ही बातमी तोवर जुनी व्हायला लागली होती. कागदपत्रं, परवानग्या, विमानाची वेळ यांत इतके दिवस गेले की घर रडून थकलं होतं, आणि दारात एखाद्या कार्याला असते तशी गडबड होती. तुझ्या मोठ्या काकूंनी सगळं हातात घेतलं होतं. "हिरवी साडी कुठाय? चुडा आणला का? ओटीचं ताट हिकडं ठिवा." साडी नेसवता येण्यासारखं नव्हतं, म्हणून ती वरून पांघरली. बांगड्या हातात चढेनात, त्या मनगटापाशी ठेवल्या. वारज्याहून तुझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांनी पर्समधून मंगळसूत्र काढून तुझ्या छातीवर ठेवलं. मुलाला सुट्टी मिळाली नाही, असं त्या विचारणाऱ्यांना सांगत होत्या. मग काकूंनी तुझा मळवट भरला. कपाळभर कुंकू, भुवया दिसेनाशा होईपर्यंत. तुला साध्या टिकलीनंसुद्धा खाज सुटायची.

मग रांग लागली. एकेक सवाष्ण पुढे यायची, तुझ्या पायाला हात लावायची, तुझ्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन स्वतःला लावायची. "अहेव गेली गं पोर," काकू प्रत्येकीला सांगत होत्या. अहेव, म्हणजे नवरा जिवंत असताना. "असं मरण मागून मिळत न्हाई."

"आपल्या नशिबात हाय का कुठं," एक म्हातारी म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरचा हेवा होता.

विधवा बायका मागे पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. अडवावं लागत नाही. त्या बायकांत तुझी आई होती. तुझे वडील गेल्यापासून कुंकवाच्या करंड्याला तिनं हात लावलेला नाही, आणि तुझ्या शेवटच्या दिवशीही तो नियम मोडावा असं कुणाला वाटलं नाही. तुला जन्म देणारी बाई तुझ्यापासून दहा हात लांब उभी होती, आणि ज्यांनी तुला कधी फोन केला नाही त्या तुझे पाय धरत होत्या.

मी तुझ्या पायाशी होते आणि माझं तोंड शिवलेलं होतं. ते तूच शिवलं होतंस. ज्या माणसाच्या नावानं तुला असं रंगवत होते, त्याला सोडून तुला चार वर्षं झाली होती. घटस्फोटाचा अर्ज तिथल्या कोर्टात होता. त्या अंगणात हे तुझ्या आईला ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं आणि मला. तिघीही गप्प होतो. ज्या माणसाला सोडायला तुला सगळं बळ लागलं, त्याच्याशी तुला मेल्यावर पुन्हा बांधत होते, आणि त्याला मान म्हणत होते.

आपली ओळख स्वारगेटची. माझे आईबाबा चळवळीतले. आमच्या घरी आलेल्या पाहुण्यानं चहा यायच्या आत निदान शंभरेक पत्रकांच्या घड्या घालायच्या, हा रिवाज. अकरावीत मला वाटायचं की पत्रक नीट लिहिलं तर जग बदलतं, उशीर होतो तो छपाईमुळे. धायरीच्या बसच्या रांगेत मी हुंड्याविरुद्धची पत्रकं वाटत होते. बाकीच्यांनी घेतली आणि खिशात कोंबली. तू उभ्या उभ्या पूर्ण वाचलंस.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"'समस्त स्त्रीवर्गाने' म्हणजे कोण? मी आहे का त्यात?"

"आहेस की."

"मग मला सांगितल्यासारखं लिही ना. भाषण कशाला?"

असं म्हणून त्याच कागदात तू शेंगदाण्याची पुडी बांधलीस आणि निम्मे दाणे मला दिलेस. त्या दिवसापासून तुझ्यासाठी माझं आडनाव पत्रके. "काय पत्रके, आज कुणाचा निषेध?" पुढे मी जे काही लिहिलं ते आधी तुला वाचून दाखवलं. हा मजकूर लिहिताना पहिल्यांदाच कुणी मध्ये तोडत नाहीये, त्यामुळे तो कुठे भाषण होतोय ते मला कळत नाही.

तुझं लग्न ठरलं तेव्हा आपण कडाक्याचं भांडलो. मुलगा परदेशात, आयटीतला, पत्रिका जुळलेली, सिंहगड रस्त्यावरच्या लॉनवर जेवणावळी. मी म्हणाले, तू एमएस्सीला पहिली आलीस, तुला तिथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, तो घरच्यांनी नाकारला आणि आता त्याच देशात लग्न करून पाठवतायत, तुला राग कसा येत नाही?

"येतो ना," तू म्हणालीस. "पण मला जायचंय. एकट्या मुलीला पाठवत नाहीत, बायको असली की पाठवतात. मग झाले बायको. तू काय तिकीट काढून देणार होतीस?"

तुझ्या घरचे वाईट नव्हते, हे मला मान्य आहे. इथल्या शिक्षणाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. त्यांची भीती फक्त एवढीच होती की मधली काही वर्षं मुलगी कुणाचीच नसेल. वडिलांची नाही, नवऱ्याची नाही. स्वतःची असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. परदेशी गेलेल्या मुलीसुद्धा याच भीतीच्या बोटाला धरून जातात. विमान बदलतं, बोट सुटत नाही.

मारत होता का, असं मला आता जो तो विचारेल. नव्हता. तुझा पगार त्याच्या खात्यात जायचा. तुझा पासपोर्ट त्याच्या कपाटात असायचा. घरी फोन त्याच्यासमोर, आणि तोही स्पीकरवर. तू कुणाशी हसून बोललीस तर तो दोन दोन दिवस अबोला धरायचा, आणि अबोला कशामुळे ते तू ओळखायचं. "मारत असता तर सांगायला तरी सोपं गेलं असतं," तू म्हणाली होतीस. एका दुपारी तो ऑफिसला गेलेला असताना तू पासपोर्ट आणि दोन स्वेटर घेऊन निघालीस. पहिला फोन आईला केलास, दुसरा मला.

तिथल्या मराठी मंडळात तू किती राबायचीस. गणपतीत स्वयंपाक तुझा, मुलांना आरत्या शिकवायच्या त्या तू. घर सोडल्यानंतरच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं विचारायला तू फोन केलास. पलीकडून उत्तर आलं, "अगं, या वर्षी काही करतच नाहीये. अगदी घरच्याघरी." संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. चाळीसेक बायका, हलव्याचे दागिने, नेहमीचा हॉल. तू मला निरोप धाडलास: "पत्रके, मी वाण घेतलं असतं तर कुणाचा नवरा मेला असता का गं?" पुढे एक हसरा चेहरा टाकला होतास. तू तसा चेहरा टाकलास की मला काळजी वाटायची.

मग फरहाना आली. बांगलादेशातल्या सिल्हेटची, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, तू ज्या वृद्धाश्रमात काम धरलंस तिथेच नोकरीला. तुम्ही दोघींनी एक खोली घेतली. मोडक्या हिंदीत तुमचा संसार चालायचा. तिच्या रोज्यात तू पहाटे उठून तिला पोहे करून द्यायचीस. तुझ्या गणपतीला ती बांगलादेशी दुकानातून नारळ आणायची आणि मोदकांच्या कळ्या तुझ्यापेक्षा सुबक पाडायची. अंगठ्याएवढा तुझा तो गणपती बादलीत विसर्जन व्हायचा. मी एकदा फोनवर म्हणाले होते, ज्या धर्मानं तुझं हे केलं त्याचीच पूजा कसली करतेस?

"देव माझा आहे, जाच त्यांचा होता," तू शांतपणे म्हणालीस. "दोन्ही एका पिशवीत घालू नकोस. इथे दिवसभर मी म्हाताऱ्यांची ढुंगणं धुते. संध्याकाळी समई लावली की मला मी कोण ते आठवतं. ते पण काढून घेणार का तुझी चळवळ?"

मी बरंच उत्तर दिलं. त्यातलं एकही वाक्य आज मला आठवत नाही. तुझं सगळं आठवतं. या वादात तू पूर्ण बरोबर होतीस असं मी अजूनही म्हणणार नाही. ज्या हातांनी तुला समई लावायला शिकवलं त्याच हातांनी तुझा मळवट भरला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण फरहानाच्या रोज्याचे पोहेही समई लावणाऱ्या तुझ्याच हातांनी केलेले होते. मला अजून हिशेब लागत नाही. तू असतीस तर आपण आणखी वीस वर्षं भांडलो असतो.

आणि ते जाकीट. दर रविवारी धायरीला व्हिडिओ कॉल असायचा. आई म्हणाली, "मागं काय तरी त्याचं दिसू दे गं. तुझी काकू बसती हितं फोनवर डोळे लावून." तू जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक पुरुषी तपकिरी जाकीट आणलंस आणि कॉलच्या आधी खुर्चीवर टांगायला लागलीस. मला फोटो पाठवलास, "जावईबापू आले." पुढे कळलं की फरहानाच्या घरीही तेच चालतं. मुलगी एका लग्न झालेल्या दीदीच्या घरात राहते, घरात पुरुष माणूस आहे, म्हणून तिचे आईवडील निर्धास्त होते. तेव्हा शुक्रवारी तेच जाकीट तिच्या मागे. एका रिकाम्या जाकिटानं दोन देशांतल्या दोन घरांची अब्रू राखली होती. एकदा कॉल चालू असताना ते घसरून खाली पडलं. काकूंनी विचारलं, "जावई उठलं काय?" तू म्हणालीस, "हो, आंघोळीला गेले." मला हे सांगताना तू इतकी हसलीस की बोलता येईना. हसता हसता मध्येच तुझा आवाज बदलला, आणि तू फोन ठेवलास.

मी तुझ्या मागे लागले होते, सांगून टाक. तुझं उत्तर ठरलेलं. आधी भावाचं लग्न होऊ दे. ते झालं. मग चुलत बहिणीचं. तेही झालं. घरात कुणाचं ना कुणाचं लग्न उभंच असतं, आणि आधी मोडलेलं लग्न त्या मांडवाखाली दडपावं लागतं. शेवटच्या फोनवर मात्र तू वेगळी बोललीस. "दिवाळीत येतेय. लक्ष्मीपूजनाला सगळी भावकी जमते. एकदाच सांगून टाकते, घरोघरी फिरायला नको."

"मी लिहू का?"

"अजिबात नाही. मी तुझं पत्रक नाही, पत्रके. माझ्या तोंडानं सांगीन."

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी धायरीच्या चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. कै. सौ. आणि पुढे सासरचं नाव, जे मी इथे लिहिणार नाही. खाली स्थानिक नेत्यांचे हात जोडलेले फोटो, तुझ्यापेक्षा मोठे. तुझा फोटो लग्नाच्या अल्बममधला. शेजारच्या माणसाला कापून काढलंय, पण तुझ्या खांद्यावर त्याची बोटं तेवढी राहिली आहेत. मी तिथून रोज जात होते.

तेराव्याला मी आले. स्वयंपाक तुझ्या आईनं केला होता. अहेव गेलेल्या बाईच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालतात, तिला साडी देतात, तिची ओटी भरतात. पाट मांडला, रांगोळी काढली, हिरवी साडी ठेवली. मोठ्या काकू पाटावर बसल्या. सासूबाई ओटी भरायला पुढे झाल्या. तेवढ्यात मावशी, तुझी आई, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अक्का, उठा जरा."

"का गं? काय ऱ्हायलं?"

"सवाष्ण न्हाई जेवू घालायची. माझी पोर सवाष्ण न्हवती."

"येडी झालीस का? जावई जित्ता हाय की."

"हाय. त्यो त्याच्या घरी हाय. पोरीनं सोडला त्याला, चार वर्सं झाली. एकली राहत हुती. कष्टाचं खात हुती. मला पयल्या दिवशी सांगितलंतं तिनं. मीच म्हणले, गप ऱ्हा."

सासूबाई म्हणाल्या, "अहो विहीणबाई, आता कशाला हे? गेलेल्या माणसाची शोभा."

"गेलेल्या माणसाला खोटं कशाला?" मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती भाजीला मीठ कमी आहे म्हणून सांगावं तशी बोलत होती. काकू उठल्या. त्यांना कुणी उठवलं असं वाटलं नाही, पायच उठले. मावशीनं हिरवी साडी बाजूला सरकवली आणि त्या पाटावर स्वतः बसली. पांढऱ्या कपाळानं, सगळ्या भावकीसमोर.

"तिच्या नावानं मी जेवते," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, "वाढ गं."

मी वाढलं. दोन-तीन घरं न जेवता उठून गेली. सासूबाई गाडीत जाऊन बसल्या. मावशी खाली मान घालून जेवत होती, एकेक घास, न थांबता, जणू ताट संपवणं हेच काम होतं. बऱ्याच वेळानं काकू आतून तुपाची वाटी घेऊन आल्या आणि तिच्या भातावर तूप घातलं. त्या रडत होत्या.

संध्याकाळी भांडी घासताना मावशी मला म्हणाली, "तू लिहितीस न्हवं? लिही. पर तिला हसतील असं लिहू नको."

"नाव?"

"तिचंच."

म्हणून लिहिते. तू रोहिणी जाधव होतीस. तुझ्या तोंडानं सांगायचं होतं तुला, ते राहिलं. तुझ्या आईनं तिच्या तोंडानं सांगितलं, आणि माझ्यापाशी आहे ते एवढंच, हे पान. मी पत्रकासारखं लिहिलं असेल तर माफ कर, तुझ्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. तू मला माणसांसारखं लिहायला सांगितलंस, निम्मे दाणे दिलेस, माझ्याशी इतकी वर्षं भांडलीस. याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

काल फरहानाचा फोन आला. "दीदी नहीं रही, तो घरवाले बोलते हैं वापस आ जा, अकेली लड़की कैसे रहेगी," ती म्हणाली. मी तिला एवढंच विचारलं की जेवलीस का. म्हणाली, नाही.

वाचणाऱ्यांनो, माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या नात्यात, भावकीत, सोसायटीत अशी एक मुलगी असेल, जी परदेशात आहे आणि जिच्याबद्दल विचारलं की घरचे घाईघाईनं जावयाच्या सुट्टीचं बोलतात. तिला आज फोन करा. जावयाची चौकशी करू नका, कधी येतेस हेही विचारू नका. आज जेवायला तुझ्याबरोबर कोण होतं, तेवढं विचारा. ती जे नाव सांगेल ते कुठल्याही देशाचं, कुठल्याही धर्माचं असो, त्या बाईलाही फोनवर बोलवा आणि तिचीही खुशाली विचारा.